कागदावरची अ‍ॅलर्जी आणि अंगावरची अ‍ॅलर्जी

या वेळच्या टपालात मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीविषयीची पत्रे इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत. यांपैकी एकाही मुलाला मी स्वतः तपासलेले नाही, त्यामुळे ही उत्तरे वाचून परस्पर उपचार करू नयेत. मुलाच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे आणि काय सांगायचे, हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग करावा.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी अंडे खाल्ल्यानंतर वीस मिनिटांत त्याच्या तोंडाभोवती व पाठीवर गांधी उठल्या आणि त्याला दोनदा उलटी झाली. त्यानंतर आम्ही रक्ताची तपासणी करून घेतली. तिच्यात चाळीस पदार्थांची यादी होती आणि अंड्यासह दूध, गहू, सोया, शेंगदाणा असे चौदा पदार्थ पॉझिटिव्ह आले. दूध आणि गहू तो रोज खात होता व त्याला कधी काही झाले नव्हते, पण रिपोर्ट पाहून आम्ही घाबरलो आणि चौदाही पदार्थ बंद केले. आता त्याचे वजन घटले आहे, तो सतत चिडचिड करतो. लहानपणापासून त्याला इसबाचा त्रासही आहे. त्याला खायला काय द्यावे, हेच आम्हाला कळेनासे झाले आहे.

उत्तर : वाढत्या वयात वजन घटणे ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून या आठवड्यातच त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्याची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या आणि शक्य असेल तर आहारतज्ज्ञांचीही गाठ घ्या. बाकीचे सगळे त्यानंतर.

आता रिपोर्टविषयी. अ‍ॅलर्जीचे निदान करताना डॉक्टर ज्या माहितीला सर्वांत जास्त वजन देतात, ती तुम्ही पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिली आहे : काय खाल्ले, किती वेळाने काय झाले. अंडे खाल्ल्यावर वीस मिनिटांत गांधी उठणे आणि उलट्या होणे ही तत्काळ स्वरूपाच्या अ‍ॅलर्जीची अगदी ठळक हकिकत आहे, कारण अशी प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत सुरू होते आणि दोन तास उलटून गेल्यावर सुरू होणे विरळा असते. रक्ताच्या तपासणीने या हकिकतीला दुजोरा दिला. तिचे काम तेवढेच होते. उरलेल्या तेरा पदार्थांमागे मात्र, निदान तुमच्या पत्रावरून तरी, हकिकत दिसत नाही. तिथे नुसता आकडा आहे.

तो आकडा काय मोजतो, हे समजून घेतले तर तुमची पुष्कळशी भीती कमी होईल. आपल्या रक्तात आयजीई नावाचे एक प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) असते. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहानसन व बेनिख यांनी १९६० च्या दशकात त्याचा स्वतंत्रपणे शोध लावला आणि त्यानंतर ते रक्तात मोजण्याच्या पद्धती आल्या. एखाद्या पदार्थाविरुद्धचे आयजीई ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आढळले, की बहुतेक प्रयोगशाळा तो पदार्थ पॉझिटिव्ह म्हणून छापतात. याचा अर्थ एवढाच, की मुलाच्या शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करून ठेवले आहे. तो पदार्थ पोटात गेल्यावर त्रास होईलच, असे त्यावरून ठरत नाही. इसब असलेल्या मुलांमध्ये तर अशी प्रतिद्रव्ये अनेक पदार्थांविरुद्ध सापडतात आणि त्यांतले कितीतरी पदार्थ ती मुले आनंदाने खात असतात. म्हणूनच शंका नसलेल्या चाळीस पदार्थांची एकगठ्ठा तपासणी करू नये, असे अ‍ॅलर्जीचे तज्ज्ञ सांगत आले आहेत. ज्या पदार्थाने काहीतरी घडले त्याचीच तपासणी करावी. जो पदार्थ मूल नियमित खात होते आणि त्याला काही होत नव्हते, त्याची त्याला तत्काळ स्वरूपाची अ‍ॅलर्जी नाही, मग कागदावर काहीही छापलेले असो.

आणखी एक गैरसमज याच ठिकाणी दूर करायला हवा. आकडा मोठा असेल तर त्या पदार्थाची खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता वाढते. पण प्रतिक्रिया किती तीव्र होईल, हे तो आकडा सांगत नाही. लहान आकड्याच्या मुलाला गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते आणि मोठ्या आकड्याच्या मुलाला तोंडाभोवती चार गांधी उठून सगळे शांत होऊ शकते.

यावरून तुम्ही आज रात्रीच दूध द्यायला सुरुवात कराल, म्हणून एक सूचना कळकळीने करतो. इसब असलेल्या मुलांचे एखादे सोसणारे अन्न बराच काळ पूर्ण बंद ठेवले, तर शरीराची ते सोसण्याची सवय काही वेळा मोडते आणि पुन्हा सुरू करताना पूर्वी कधी न आलेली प्रतिक्रिया येऊ शकते. विनाकारण पदार्थ बंद करू नयेत, याचे हे दुसरे आणि माझ्या मते अधिक गंभीर कारण आहे. दोन महिने हा काळ फार मोठा नाही, तरीही दूध, गहू आणि सोया कोणत्या क्रमाने, घरी की दवाखान्यात आणि किती प्रमाणात सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण त्यासाठी महिनोन्‌महिने थांबू नका. शेंगदाणा त्याने पूर्वी कधी खाल्ला होता की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. खाल्ला नसेल, तर त्याचा विचार दूध-गव्हापेक्षा वेगळा करावा लागेल.

अंडे सध्या बंदच ठेवा. मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारा : पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजलेले अंडे त्याला चालेल का? अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना असे अंडे सोसते, कारण जास्त उष्णतेने त्यातील काही प्रथिनांची घडण बदलते. ओव्होम्युकॉइड नावाचे प्रथिन मात्र उष्णतेला दाद देत नाही, आणि ज्या मुलांचे शरीर त्याच्याविरुद्ध उठते त्यांना भाजलेले अंडेही बाधते. आपला मुलगा कोणत्या गटातला आहे, हे घरच्या स्वयंपाकघरात आजमावू नये.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीची पुढच्या पंधरवड्यात स्किन प्रिक टेस्ट आहे. तिला सुईची अतोनात भीती वाटते. शिवाय तिला सध्या सर्दीचे औषध चालू आहे. तिची तयारी कशी करावी?

उत्तर : औषधाचे आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर सगळी खेप वाया जाते. अँटीहिस्टामाइन गटातील, म्हणजे खाज आणि गांधी दाबणारे, औषध शरीरात असेल तर त्वचेवर गांध उठत नाही आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. ते किती दिवस आधी थांबवायचे, हे औषधागणिक बदलते. साधारणपणे तीन ते सात दिवस सांगितले जातात. सर्दी-खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये हे औषध दडलेले असते, म्हणून घरातली बाटली नेऊन डॉक्टरांना दाखवा. दम्याचे पंप असतील तर ते चाचणीसाठी स्वतःहून थांबवू नका. काही कारणाने अँटीहिस्टामाइन थांबवता येत नसेल, तर त्याऐवजी रक्ताची तपासणी करता येते. तिच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. आणि गेल्या काही आठवड्यांतच मुलीला तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल, तर तेही सांगा, कारण तशा प्रतिक्रियेनंतर त्वचा काही काळ जणू थकलेली असते आणि डॉक्टर चाचणी चार ते सहा आठवडे पुढे ढकलू शकतात.

प्रत्यक्ष चाचणीत इंजेक्शनची सुई नसते. हाताच्या आतल्या बाजूला किंवा पाठीवर पदार्थाच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून एक बारीक टोक त्वचेच्या वरच्या थरात किंचित टोचतात. बहुधा रक्त येत नाही. त्यांत दोन थेंब वेगळे असतात : एक हिस्टामाइनचा, म्हणजे खाज आणि गांधी आणणाऱ्या द्रव्याचा, जिथे गांध उठायलाच हवी, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जिथे उठता कामा नये. या दोहोंमुळे बाकीच्यांचे वाचन विश्वासार्ह ठरते. पंधरा ते वीस मिनिटांनी गांधींची रुंदी मोजतात. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा ती किमान ३ मिलिमीटरने जास्त असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. काही फळांच्या बाबतीत तयार अर्कापेक्षा ताजे फळच वापरणे चांगले असते, तेव्हा तुम्हाला घरून काही आणायला सांगितले तर नवल वाटू देऊ नका.

मुलीला ‘काहीच दुखणार नाही’ असे सांगू नका. पहिल्या टोचणीलाच ते खोटे ठरते आणि उरलेल्या टोचण्यांसाठी तिचा तुमच्यावर विश्वास राहत नाही. नखाने हलकेच टोचल्यासारखे वाटेल, मग तिथे डास चावल्यासारखी खाज सुटेल, पण वीस मिनिटे खाजवायचे नाही, असे खरे ते सांगा. आदल्या दिवशी बाहुलीच्या हातावर पेनाने ठिपके काढून तिलाच डॉक्टर होऊ द्या. माझ्या अनुभवात मुलांना टोचणीपेक्षा ती वीस मिनिटे जड जातात, म्हणून तिच्या आवडीचे गोष्टीचे पुस्तक बरोबर ठेवा.

प्रश्न : एका प्रयोगशाळेने ‘फूड इन्टॉलरन्स’ म्हणून आयजीजी तपासणी केली आणि मुलाला बावीस पदार्थ वर्ज्य सांगितले. त्याला अधूनमधून पोटदुखी होते, एवढीच तक्रार आहे. हे पाळावे का?

उत्तर : पाळू नये. आयजीजी हे प्रतिद्रव्य आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध निरोगी माणसाच्या रक्तातही आढळते. ते त्या अन्नाशी झालेल्या परिचयाची खूण आहे, आजाराची नाही. अन्न-अ‍ॅलर्जी किंवा अन्न न सोसणे यांच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये, अशी युरोप, अमेरिका आणि कॅनडा येथील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांची स्पष्ट भूमिका आहे. पोटदुखीची कारणे अनेक असतात. तिच्यासाठी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि तो कागद बाजूला ठेवा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे. मागच्या महिन्यात एका समारंभात त्याच्या खाण्यात काजू गेला. दहा मिनिटांत ओठ सुजले, मग खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला आणि तो एकदम गप्प बसला. अ‍ॅड्रिनलिनचे पेन (तीव्र प्रतिक्रियेत लगेच टोचायचे तयार इंजेक्शन) माझ्या पर्समध्येच होते, पण ते टोचण्याचे धैर्य मला झाले नाही. मी अँटीहिस्टामाइनचे सिरप दिले आणि आम्ही रुग्णालयाकडे धाव घेतली. तिथे गेल्या गेल्या त्यांनी अ‍ॅड्रिनलिन दिले आणि तो सावरला. तेव्हापासून मला झोप लागत नाही. माझे चुकले का?

उत्तर : इंजेक्शन तिथेच द्यायला हवे होते. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. मी हे सौम्य करून सांगितले, तर पुढच्या वेळी तुमचा हात पुन्हा थबकेल, एवढ्याचसाठी ते स्पष्ट शब्दांत लिहितो. ज्या क्षणी आपले मूल समोर गुदमरत असते, त्या क्षणी त्याला आणखी काही टोचणे आईबापाच्या मनाच्या विरुद्ध असते, आणि ही चूक मी अनेक दक्ष व प्रेमळ पालकांकडून झालेली पाहिली आहे.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. नुसत्या गांधी, नुसती खाज किंवा ओठांची थोडी सूज असेल, तर अँटीहिस्टामाइन देऊन मुलावर बारकाईने लक्ष ठेवता येते. पण घसा, श्वास किंवा रक्ताभिसरण यांपैकी कशाचीही खूण दिसली, की विचार करत बसण्याची वेळ संपली : आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, जीभ सुजणे, सतत खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, धाप, चेहरा पांढरा पडणे, चक्कर, गळून जाणे. गांधी उठल्याच पाहिजेत असेही नाही. काही गंभीर प्रतिक्रियांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही. मूल एकाएकी गप्प होणे हे लक्षण पुष्कळ पालकांच्या नजरेतून निसटते, तुमच्या मात्र ते लक्षात आले आणि तुम्ही ते लिहिलेतही. लहान मुले आपल्या परीने सांगत असतात : ‘जीभ टोचतेय’, ‘घशात केस अडकलाय’, ‘पोटात कसंतरी होतंय’. जिभेला वारंवार हात लावणे, कान ओढणे, मांडीत शिरून बसणे, यांनाही अशा वेळी अर्थ असतो.

अ‍ॅड्रिनलिन आणि सिरप यांच्यातला फरक नीट समजला, की निवडीचा प्रश्नच उरत नाही. अ‍ॅड्रिनलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे रक्तदाब सावरतो आणि घशाची सूज उतरते. ते श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला बळ देते आणि हे सगळे काही मिनिटांत घडवते. अँटीहिस्टामाइन खाज आणि गांधी कमी करते, तेही सावकाश. घशाची सूज किंवा घसरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. मुलांसाठी अ‍ॅड्रिनलिनची मात्रा दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम असते आणि पेनमध्ये ती ठरावीक भरलेली असते : साधारणपणे १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ०.३ मिलिग्रॅम. मुलगा वाढला की पेन बदलावे लागते, हे लक्षात ठेवा. जिथे असे पेन मिळत नाही, तिथे डॉक्टर कुपी आणि सिरिंज देऊन मात्रेची खूण करून देतात. ते त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा करून पाहिल्याशिवाय घरी आणू नये.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गरज पडल्यास कपड्यावरूनच द्यायचे असते. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उभे करणे आणि चालवत गाडीपर्यंत नेणे टाळा, कारण रक्तदाब घसरलेला असताना एकदम उभे राहिल्याने हृदयाकडे येणारे रक्त अचानक कमी पडू शकते. रुग्णवाहिका बोलवा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे पेन वापरा, आणि म्हणूनच नेहमी दोन पेने बरोबर असावीत. इंजेक्शननंतर मूल थरथरेल, पांढरे पडेल, त्याची छाती धडधडेल. ते थोड्या वेळात ओसरते. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही मुलांमध्ये लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळतात.

धैर्याविषयी तुम्ही लिहिले आहे. माझा अनुभव असा, की त्या क्षणी धैर्य गोळा करायला वेळ नसतो. हाताला सवय असेल तर हात आपोआप चालतो. डॉक्टरांकडून सरावाचे बिनसुईचे पेन मागून घ्या आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दर महिन्याला एकदा ते मांडीवर लावून पाहावे. मुदत संपलेले पेन फेकून देण्याआधी ते एखाद्या संत्र्यात टोचून पाहा. खऱ्या सुईचा आवाज आणि झटका एकदा अनुभवला, की त्याचे दडपण कमी होते. पेन तापलेल्या गाडीत ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. कोणती लक्षणे दिसली की काय करायचे, याची डॉक्टरांनी सही केलेली एका पानाची योजना शाळेत, आजीआजोबांकडे आणि पर्समध्ये ठेवा. आणि पुढच्या भेटीत पिस्त्याविषयी जरूर विचारा : काजू आणि पिस्ता यांची प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना दुसऱ्याचीही बहुधा असते.

प्रश्न : मी चार वर्षांच्या नातवाची आजी आहे. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे असे सांगतात. आमच्या काळी असे काही ऐकिवात नव्हते. रोज अगदी कणभर देत गेले तर हळूहळू सवय होणार नाही का? सूनबाई ऐकायला तयार नाही.

उत्तर : आजी, तुमच्या विचारात तथ्य आहे, पण तो घरी अमलात आणण्यात मोठा धोका आहे. कणाकणाने सवय लावण्याचा उपचार खरोखरच अस्तित्वात आहे. शेंगदाण्याच्या पिठाचे मोजून केलेले एक औषध अमेरिकेच्या औषध नियामकाने ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २०२० मध्ये मान्य केले. त्या उपचारात पहिली मात्रा मिलिग्रॅमच्याही अंशात असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, मात्रा वाढवण्याची प्रत्येक पायरी दवाखान्यातच चढतात आणि एवढे करूनही काही मुलांना प्रतिक्रिया येतात. बहुतेकांच्या बाबतीत त्याने अ‍ॅलर्जी बरी होत नाही. चुकून थोडे पोटात गेले तर तीव्र प्रतिक्रिया टळावी, एवढा त्याचा हेतू असतो. घरातला ‘कणभर’ दाणा मिलिग्रॅमच्या हिशेबात फार मोठा असतो, आणि ताप, पळापळ किंवा उसळलेला दमा असेल त्या दिवशी कालपर्यंत सोसलेले प्रमाणही बाधू शकते.

म्हणून माझी विनंती आहे, की सुनेच्या नकळत त्याला काहीही देऊ नका. तुमच्याकडून मोठी मदत वेगळ्या प्रकारे होऊ शकते. तुम्ही स्वतः शेंगदाणे खाल्ले असतील, तर नातवाला जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने आणि पाण्याने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते. आणि इंजेक्शनचे पेन कसे वापरायचे, हे सूनबाईंकडून शिकून घ्या. तो तुमच्याजवळ असेल तेव्हा त्या निश्चिंत राहू शकतील.

प्रश्न : मोठ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. धाकटा आता पाच महिन्यांचा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. योग्य आहे ना?

उत्तर : पूर्वी असाच सल्ला दिला जात असे, आता तो बदलला आहे. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि निम्म्यांना पूर्ण वर्ज्य ठेवले. पाच वर्षांच्या वयात वर्ज्य ठेवलेल्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आढळली, तर खाणाऱ्या गटात ३.२ टक्के मुलांना. तेव्हा उशीर करण्याने संरक्षण मिळत नाही. बाळाला इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी तपासणी लागते का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला की मऊ, पातळ केलेल्या स्वरूपात द्या. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, कारण तो श्वासनलिकेत अडकतो.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. तिचे आकडे दरवर्षी उतरत आहेत आणि आता डॉक्टर रुग्णालयात फूड चॅलेंज (देखरेखीखाली दूध थोडे थोडे पाजून पाहण्याची चाचणी) करू म्हणतात. पाच वर्षे ज्याच्यापासून तिला जपले तेच तिला स्वतःच्या हाताने पाजायचे, या कल्पनेने माझे हातपाय गार पडतात. मुलगीही ‘मी पिणार नाही’ म्हणते.

उत्तर : तुमची भीती मला समजते, आणि तरीही तुम्ही होकार द्यावा असे मला वाटते. वरच्या सगळ्या पत्रांत आपण कागदावरचे आकडे आणि प्रत्यक्षात घडलेली गोष्ट यांतला फरक पाहत आलो. फूड चॅलेंज ही त्यांतली दुसरी गोष्ट आहे, फक्त ती सुरक्षित ठिकाणी, ठरवून घडवलेली. अन्न-अ‍ॅलर्जीच्या निदानात हिच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. दूध आणि अंडे यांची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची मात्र पाचांपैकी साधारण एकाचीच. तेव्हा उतरते आकडे पाहून तुमच्या डॉक्टरांनी हा प्रस्ताव ठेवला, हे योग्यच आहे.

त्या दिवशी मुलगी ठणठणीत हवी. सर्दी, ताप किंवा दम्याची उबळ असेल तर तारीख पुढे ढकला, आणि अँटीहिस्टामाइन आधीच थांबवलेले असावे. सुरुवात अगदी थोड्या प्रमाणाने होते, मग पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतराने मात्रा वाढवत तिच्या वयाला साजेल एवढ्या प्रमाणापर्यंत नेतात आणि शेवटच्या मात्रेनंतर निदान दोन तास तिथेच थांबवून घेतात. अ‍ॅड्रिनलिन आणि ते देणारी माणसे हाताशी असतात. मध्येच गांधी उठल्या, तर तिथे थांबतात आणि उपचार करतात. तसे झाले तर ‘नापास’ हा शब्द तिच्यासमोर कोणालाही उच्चारू देऊ नका. किती दूध सोसले आणि कितीवर त्रास झाला, हे त्या दिवशी तुम्हाला प्रथमच खात्रीने कळलेले असेल, आणि पुढच्या वर्षीचा निर्णय त्यावरूनच होईल.

मुलीच्या नकाराला आज्ञाभंग समजू नका. दूध म्हणजे धोका, हे तुम्हीच तिला शिकवले आणि ते तिने नीट पाळले, याबद्दल आधी तिचे कौतुक करा. मग सांगा, की शरीर मोठे होते तसे काही मुलांचे शरीर जुने भांडण विसरते, आणि तुझे विसरले का, ते डॉक्टरांबरोबर पाहायचे आहे. शक्य झाल्यास आदल्या आठवड्यात ती खोली तिला दाखवून आणा. चवीची अडचण वास्तविक असते. पाच वर्षांत कधी न चाखलेले दूध तिला बेचव किंवा उग्र लागू शकते, म्हणून ते कशात मिसळलेले चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

चॅलेंज सुरळीत पार पडले, तर एक चूक टाळा. पुष्कळ घरांत त्या दिवशी आनंद होतो आणि नंतर भीतीपोटी तो पदार्थ पुन्हा कपाटातच राहतो. डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात तिने दूध आठवड्यातून अनेकदा घेत राहिले पाहिजे, म्हणजे शरीराची सवय टिकते. पहिल्या काही दिवसांत ती पेल्याकडे पाहून तुमच्या चेहऱ्याकडे पाहील. तेव्हा तिच्या शेजारी बसा, तुमच्याही पेल्यात दूध ओता आणि पहिला घोट तुम्ही घ्या.